बार मित्झ्वा: आधी तारीख बदला, मग मुलाला चारच ओळी द्या

पत्र: आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मुलगा सातवीत आहे. त्याचा जन्म 4 मार्च 2014 चा, संध्याकाळी 7 वाजून 20 मिनिटांचा. 4 मार्च 2027 ला गुरुवार येतोय आणि गुरुवारी सिनेगॉगमध्ये तोरा (धर्मग्रंथ) वाचतात, म्हणून बार मित्झ्वासाठी (मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माने मोठा होतो, त्या समारंभासाठी) तोच दिवस धरून हॉल ठरवला. दीर इस्राएलमधल्या अश्दोदहून सहकुटुंब येणार आहेत. त्यांच्या मुलाने गेल्या वर्षी अख्खी पाराशा (तोराचा त्या आठवड्याचा भाग) म्हटली. आमच्या मुलाचा आवाज फुटायला लागलाय आणि हिब्रू तो अडखळत वाचतो. परवा जेवताना म्हणाला, "मला नकोच. सगळे हसतील." यांना स्वतःला हिब्रू येत नाही, म्हणून हे विषयच टाळतात. दीर म्हणतात, जेरुसलेमला कोटेलवरच (पश्चिम भिंतीपाशी) करू. सासूबाई अलिबागला असतात, त्यांना मलिदा (गोड पोहे आणि फळांचं ताट ठेवून करायची प्रार्थना) इथेच हवाय. शिवाय सासऱ्यांचे तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि डोक्याला बांधायच्या कातडी पेट्या) त्यांनी नातवासाठी जपून ठेवलेत. मुलगा डावखुरा आहे, त्याला ते चालतील का? हातात पाच महिने आहेत. काय करू?

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी तारीख, कारण तीच चुकली आहे.

बार मित्झ्वा हिब्रू तारखेने होतो आणि हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 4 मार्च 2014 चा दिवस दुसऱ्या अदार महिन्याची 2 तारीख होती. पण 7 वाजून 20 मिनिटांनी अंधार पडलेला होता, म्हणजे तुमचा मुलगा 3 तारखेचा. जन्म सूर्यास्त आणि पूर्ण अंधार यांच्या मधल्या वेळेतला असता, तर हझानांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारूनच ठरवावं लागलं असतं. इथे शंका नाही. अधिक महिन्याच्या वर्षी अदार दोनदा येतो; 2014 हे तसं वर्ष होतं आणि 2027 सुद्धा तसंच आहे. त्यामुळे दुसऱ्या अदारमध्ये जन्मलेल्याला तेरा वर्षं दुसऱ्या अदारमध्येच पूर्ण होतात. तो दिवस येतो शुक्रवारी, 12 मार्च 2027 ला. 4 मार्चला पहिलाच अदार चालू असेल आणि मुलगा आठ दिवसांनी लहान असेल. त्या दिवशी त्याला तोरापुढे बोलावता येणार नाही आणि मिन्यानच्या (प्रार्थनेला लागणाऱ्या किमान पुरुषांच्या) दहात मोजताही येणार नाही. समारंभ पुढे ढकललेला चालतो, अलीकडे ओढलेला चालत नाही. हझानांना रुग्णालयाच्या नोंदीतली जन्मवेळ दाखवा आणि एवढं त्यांच्याकडून पक्कं करून घ्या.

मग कोणता दिवस? माझं मत सोमवार, 15 मार्च, सकाळची प्रार्थना. 13 तारखेच्या शब्बाथला (शनिवारी) करता येईल, पण शब्बाथला तेफिलिन बांधत नाहीत, फोटो काढता येत नाहीत, लांबचे नातेवाईक गाडीने येऊ शकत नाहीत आणि वाचनही लांबलचक असतं. सोमवारी फक्त तिघांना तोरापुढे बोलावतात, पुढच्या शब्बाथच्या पाराशाचा सुरुवातीचा भाग वाचतात आणि सगळं साधारण तासाभरात आटोपतं. अडचण एकच. तो कामाचा दिवस आहे, आणि तेरा वर्षांवरचे दहा पुरुष सकाळी साडेसातला हजर हवेत. तुमच्या घरचे चार झाले: नवरा, दीर, पुतण्या आणि 12 तारखेपासून तुमचा मुलगा. उरलेल्या सहांसाठी अकरा-बारा जणांकडून शब्द घ्या. कोणाची लोकल चुकते, कोणाला ऑफिसातून बोलावणं येतं. नऊच जण जमले तर सेफर (तोराची गुंडाळी) बाहेर काढताच येत नाही आणि मुलगा तयार होऊन नुसता बसून राहतो.

आता मुलाचं म्हणणं. त्याला शांतपणे एक गोष्ट सांगा, कारण बहुधा कोणी सांगितलेली नसेल: 12 मार्च उजाडेल तेव्हा तो बार मित्झ्वा झालेलाच असेल. एक शब्दही वाचला नाही तरी. ते वय लागतं ते तारखेने. वाचन हा त्याचा जाहीर उच्चार आहे, परीक्षा नव्हे. म्हणून किती वाचायचं हे त्याच्यावर सोडा. सगळ्यात लहान रूप असं, की तो आधीचा आणि नंतरचा आशीर्वाद म्हणतो आणि मधलं वाचन हझान करतात. बहुतेक सिनेगॉगमध्ये मोठी माणसंही एवढंच करतात. त्यात काही कमी राहत नाही.

पण चार ओळी तो नक्की वाचू शकेल असं मला वाटतं. 15 मार्चला वायिक्राचं (तोराच्या तिसऱ्या पुस्तकाचं) पहिलं प्रकरण येतं: पहिल्याला ओळी 1 ते 4, दुसऱ्याला 5 ते 9, तिसऱ्याला 10 ते 13. मुलासाठी तिसरी जागा मागून घ्या. बेने इस्राएलांमध्ये कोहेन-लेवी (पुरोहित आणि त्यांच्या मदतनिसांचे वंशज) नाहीत, त्यामुळे एरवी तिन्ही जागा मोकळ्या असतात. पण ऐन वेळी कोणी कोहेन पाहुणा आला तर पहिला मान त्याचा, आणि लेवी हजर नसेल तर दुसराही त्याचाच. तिसरी जागा मात्र हलत नाही. पहिल्या जागेसाठी मुलाच्या वडिलांचं नाव द्या, दुसऱ्या जागेसाठी पुतण्याचं. बाप आणि मुलगा यांना लागोपाठ बोलावण्याचा रिवाज नाही, म्हणून पुतण्या मध्ये असणं सोयीचं. शिवाय तो ऐकायला बसलेला पाहुणा न राहता त्याच कामातला सोबती होतो. तिसऱ्याचं वाचन होईपर्यंत तो तेब्यावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) शेजारीच उभा असेल.

पाच महिन्यांचं काम जास्त नाही. रोज पंधरा मिनिटं, शब्बाथला सुट्टी. पहिला महिना फक्त दोन आशीर्वाद, तोंडपाठ होईपर्यंत. दुसऱ्या महिन्यात चार ओळी स्वरचिन्हांसह, चाल न लावता, नुसत्या स्पष्ट वाचायच्या. चाल तिसऱ्या महिन्यात, एकेका तुकड्याला. चौथ्यात तिकून (वाचनाच्या सरावाचं पुस्तक) घ्या. त्यात एकाच पानावर दोन रकाने असतात: एका रकान्यात स्वरचिन्हं आणि चालीच्या खुणा असतात, दुसऱ्यात सेफरसारखी उघडी अक्षरं. चिन्हांचा रकाना हाताने झाकायचा आणि वाचायचं, अडलं की हात उचलायचा. पाचव्या महिन्यात हझानांना विनंती करून दोनदा तरी खऱ्या सेफरपुढे उभं करा. घरच्या पुस्तकावर घडाघडा वाचणारं मूल तिथे गप्प होतं, कारण अक्षरांवर मुकुट असतात, ओळ कुठे संपली याची खूण नसते आणि तेब्याची उंचीही वेगळी असते.

तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे देवनागरीत लिहून काढणं. आशीर्वादांपुरतं ते चालेल, तोराच्या ओळींना अजिबात नको. देवनागरीत हे आणि हेत दोन्ही 'ह' होतात, आलेफ आणि आयिन दोन्ही 'अ' होतात, आणि डोळ्यांना डावीकडून उजवीकडे सरकायची सवय लागते. सेफर उलटं चालतं. दुसरी म्हणजे मोबाइलवरची रेकॉर्डिंगं. इंटरनेटवर मिळणारी पुष्कळशी अश्केनाझी (युरोपीय ज्यूंच्या) चालीत आणि उच्चारात असतात. दोन महिने ती घोटल्यावर हझान वेगळी चाल सांगतात आणि मुलगा पुन्हा शून्यावर येतो. हझानांच्याच आवाजात चार ओळी रेकॉर्ड करून आणा. तिसरी गोष्ट सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची: दालेतचा कोपरा टोकदार असतो, रेशचा गोल, बेतची खालची रेघ मागे थोडी बाहेर येते, काफची येत नाही. या जोड्या कागदावर मोठ्या काढून ठेवा आणि त्याला आठवडाभर ओळखायला लावा.

आवाजासाठी एवढंच करा: कुठल्या पट्टीत म्हणायचं ते आत्ता ठरवू नका. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याला सहज बोलता येतं त्याच्याही जरा खालून सुरुवात करायला सांगा. फुटतो तो वरचा सूर. मध्येच फुटला तर न थांबता पुढे जायचं. उच्चार चुकला तर शेजारचा माणूस शब्द सांगतो आणि वाचणारा तो पुन्हा म्हणतो, मोठ्यांच्या बाबतीतही हेच होतं. हे त्याला एखाद्या सोमवारी सिनेगॉगमध्ये नेऊन प्रत्यक्ष ऐकवा.

नवऱ्यांना हिब्रू येत नाही म्हणून ते दूर राहतायत, आणि मुलाने तेच पाहून धीर सोडला असावा. त्यांच्या वाट्याला फक्त दोन आशीर्वाद आहेत, तेच जे मुलगा पहिल्या महिन्यात शिकणार आहे. दोघांनी एकत्र बसून शिकावं. मुलाचं वाचन झालं की बापाने म्हणायचं एक छोटं वाक्य असतं, "बारुख शेपतारानी…": याच्या चुकांचा भार आता माझ्यावर नाही, तो याचा याने वाहायचा. ते वडिलांनी मोठ्याने म्हणावं आणि अर्थ मुलाला आधी सांगून ठेवावा.

मुलाला दोन शब्द बोलायचे असतील तर मराठीत बोलू द्या, तीन मिनिटं पुरे. विषय त्याच्याच ओळींत आहे. बैलाच्या अर्पणाची ओळ ज्या शब्दांनी संपते, त्याच शब्दांनी मेंढी-बकऱ्याच्या अर्पणाची ओळ 13 संपते, आणि पुढे ओळ 17 मध्ये पाखराच्या अर्पणाचीही. ज्याला जेवढं जमलं तेवढं त्याने आणलं. हे त्याला स्वतःला शोधू द्या, आयतं लिहून देऊ नका.

आता सासऱ्यांचे तेफिलिन. अलिबागच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या तेफिलिनची आतली चर्मपत्रं खराब झालेली असू शकतात. एका अक्षराला तडा गेला तरी ते बाद. बाहेरून पेटी छान दिसते, म्हणून तेवढ्यावर जाऊ नका. डावखुऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे: तो डाव्या हाताने लिहीत असेल तर हाताचा तेफिलिन उजव्या दंडावर बांधायचा आणि त्याची गाठ उलटी हवी. पेटी तीच राहते, पट्टा नव्याने ओवावा लागतो. दोन्ही कामं सोफेरची (धर्मग्रंथ हाताने लिहिणाऱ्या लेखनिकाची) आहेत. कुरिअर किंवा ओळखीच्या माणसाबरोबर आत्ताच दीरांकडे पाठवा आणि "डावखुरा, सेफार्दी गाठ" असं चिठ्ठीवर लिहा. कोटेलचा आग्रह धरणाऱ्या दीरांना हे खरं, मोलाचं काम मिळेल. दुरुस्त होत नसेल तर नवा संच ते तिथून आणतील. परत आल्यावर उन्हात किंवा गाडीत ठेवायचा नाही, कडक उष्णतेने कातडं आकसतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून बांधायचा सराव करू द्या: दंडावर, मग हाताला सात वेढे, मग डोक्यावर केसांच्या मुळाशी (कपाळावर घसरू द्यायचा नाही, ही नेहमीची चूक), शेवटी बोटाला तीन वेढे. सरावात आशीर्वाद म्हणायचा का, ते हझान सांगतील.

कोटेलवर हे सोमवारी-गुरुवारी पुढे कधीही करता येईल, तिथे बोलावणं वर्षभर चालू असतं. सासूबाईंना मात्र तिथवर नेता येणार नाही. म्हणून पहिलं वाचन ठाण्यात व्हावं असं मी स्पष्ट म्हणते.

मलिदा रविवारी, 14 मार्चच्या संध्याकाळी ठेवा. हॉलही त्याच दिवसाचा घ्या. तोवर मुलगा तेरा पूर्ण झालेला असतो, पाहुण्यांना सुट्टी असते, आणि तो पुरिम सणाच्या आधीचा अदार असल्याने गाण्या-बजावण्याला काही आडकाठी नाही. पन्नास माणसांना अडीच किलो पोहे, सवा किलो साखर, आठ नारळ, वेलदोडा आणि आवडीप्रमाणे बदाम-पिस्ते-बेदाणे धरा. पोहे जाडच घ्या, फक्त धुवून चाळणीत निथळा. भिजत ठेवले की लगदा होतो. नारळ मार्चच्या उकाड्यात तीन-चार तासांत आंबायला लागतो, म्हणून तो खवून फ्रिजमध्ये ठेवा आणि प्रार्थना सुरू व्हायच्या तासभर आधीच मिसळा. जेवणात मटण असेल तर मलिद्यात तूप-दूध पडू देऊ नका. ताटात पाच फळं ठेवताना खजूर-सफरचंद एकीकडे आणि केळी दुसरीकडे लावा. पहिल्यांचा आशीर्वाद झाडाच्या फळाचा आहे, केळ्यांचा जमिनीच्या उपजाचा, आणि घाईत दोन्हींवर एकच म्हटला जातो.