अरुंद सीट निवडण्यापूर्वी

तुम्ही सायकलसाठी पहिलीच अरुंद सीट घेत आहात, तेव्हा वजन आणि किंमत सध्या बाजूला ठेवा आणि आधी स्वतःच्या बैठकीच्या हाडांमधील अंतर मोजा. पन्हळी पुठ्ठ्यावर पुढे वाकून काही क्षण बसल्यास दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतरात साधारण २० मिलिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा प्राथमिक अंदाज येतो. हँडलवर खूप झुकून वेगाने चालवणाऱ्याला याहून थोडी कमी रुंदी चालते, कारण कंबर पुढे कलल्यावर भार हाडांच्या पुढील, अरुंद भागावर येतो. ताठ बसणाऱ्याला मात्र अरुंद सीट सहसा मानवत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

सुरुवातीच्या चुका बहुधा याच असतात:
- जाड, मऊ गादीला भुलणे. हाडे तिच्यात रुततात आणि दाब नाजूक भागावर येतो.
- सीटचे टोक फार खाली किंवा वर कलवणे. आधी ती समतल ठेवा.
- पहिल्याच फेरीवरून निर्णय घेणे.

हाडांवरचा सौम्य ठणका काही फेऱ्यांत ओसरतो. बधिरपणा आला, तर मात्र तो सहन करत राहू नका; सीटची उंची व कल तपासा, आणि तरीही फरक पडला नाही तर सीट बदला.