शिळं कोण खातं, ते आधी सांग

पत्र (थोडं छोटं केलंय):

"मावशी, मी ४४ वर्षांची, कांदिवलीला राहते, नोकरी चर्चगेटला. जानेवारीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले आत्ताच सांभाळा, भात कमी करा, भाज्या-फळं वाढवा. तेव्हापासून मिस्टर दर रविवारी सकाळी दादरला जाऊन दोन पिशव्या भरून भाजी आणतात, खूप हौसेने आणतात. पण शनिवारपर्यंत निम्मी खराब होते. मेथी पिवळी पडते, काकडी लिबलिबीत, अर्धा दुधी तसाच. रात्री दमून आल्यावर पोळ्या आणि बटाट्याची भाजी एवढंच होतं. माझ्या डब्यात बहुतेक रात्रीचा भात परतून असतो, मिस्टरांना आणि मुलाला शिळं चालत नाही ना, आणि फ्रिज भाजीने भरलेला असल्यामुळे भात ओट्यावरच झाकून ठेवते. मिस्टर अगदी शांत आहेत, कधी कशाला नावं ठेवत नाहीत. मला फक्त इतकं अन्न टाकताना जीव तुटतो. भाजी टिकायला कोणते डबे घेऊ? काचेचा एअरटाइट सेट बघून ठेवलाय पण महाग आहे."

अगं, डबे राहू देत बाजूला.

मेथीबद्दल लिहिलंस, काकडीबद्दल लिहिलंस, अर्ध्या दुधीबद्दल पण लिहिलंस, आणि "मिस्टरांना आणि मुलाला शिळं चालत नाही" हे जाता जाता टाकून पुढे गेलीस. मी मात्र तिथून पुढे सरकलेच नाही. त्यांना चालत नाही, मग तुला कसं चालतं? रिपोर्ट कोणाचा आलाय? डॉक्टरने भात कमी करायला कोणाला सांगितलंय? ज्या बाईने भात कमी खायचा तीच रोज दुपारी डबाभर भात खातेय, तोही काल रात्रीचा, आणि तिच्यासाठी म्हणून आणलेली मेथी फ्रिजमध्ये पिवळी पडतेय. तुझ्या घरातली सगळी नासाडी इथून सुरू होते. फ्रिज किंवा डबे हा त्यातला भागच नाहीये.

नीट बघ कसं होतं ते. उरलेलं कोणी खाणार नाही हे तुला माहितीये, म्हणून सकाळी तुझ्या डब्यात तेच जातं. म्हणजे दुपारच्या डब्यात जी भाजी संपली असती ती संपत नाही. संध्याकाळी त्या दोघांना ताजंच लागतं, तू सात-साडेसातला गर्दीतून लोंबकळत येणार, तेव्हा मेथी निवडायची ताकद कोणाकडे असते, मग बटाटा. मेथी राहिली. उद्या परत तेच. आणि भात जरा जास्तच लावायचा कारण ताज्याला कमी पडायला नको, तो उरला की परत तुझ्या डब्यात. आठवडा असाच जातो आणि शनिवारी तू ओल्या कचऱ्याच्या डब्यासमोर उभी राहून स्वतःला दोष देतेस.

जीव तुटतो ते बरोबरच आहे, तुटायलाच पाहिजे. आपल्या मुंबईचा बहुतेक ओला कचरा कांजूरच्या कचराभूमीवर जाऊन पडतो, ढिगाखाली हवा न लागता कुजला की त्यातून मिथेन निघतो, वातावरण तापवणारा वायू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय, सालं-बिया धरून. पण त्या ५५ किलोत टोपलीत पडलेलंच मोजतात गं. नको असताना, भूक नसताना, टाकवत नाही म्हणून घरातल्या एका बाईने स्वतःच्या पोटात ढकललेलं कुठल्याच मोजणीत येत नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

आता मिस्टर. शांत आहेत, नावं ठेवत नाहीत, हौसेने भाजी आणतात. मला त्यांचं कौतुक करता येणार नाही. ज्याला शिळं कधीच वाढलं जात नाही तो कशाला नावं ठेवेल? आणि त्यांच्या लहानपणीच्या घरात काय अन्न उरतच नव्हतं? उरायचं की. ते कोण खायचं हे त्यांनी कधी पाहिलं नाही इतकंच, त्यांच्या आई सगळ्यांचं झाल्यावर पातेलं घेऊन बसत असणार. तेच आता तू करतेयस आणि तुझा मुलगा शेजारी बसून हेच शिकतोय. उद्या त्याच्या घरात पण कोणीतरी हे खाणार. हौसेने दोन पिशव्या आणणं सोपं आहे. दादरला स्टेशनबाहेर पहाटे माल उतरलेला असतो, स्वस्त असतो, टवटवीत दिसतो, वाटे मोठे असतात, हात आखडत नाही. पण घरी आणून टाकली की झालं असं नसतं ना. निवडायची कोणी, चिरायची कोणी, संपवायची कोणी?

तर तू एकच गोष्ट करायचीयस. उद्यापासून तुझ्या डब्यात रात्रीचा भात जाणार नाही. उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी जेवताना टेबलावर मधोमध ठेवायचं आणि तिघांच्या ताटात सारखं वाढायचं, आधी ते, मग ताजं. ज्याला नको त्याने स्वतः उठून ओल्या कचऱ्यात टाकायचं, स्वतःच्या हाताने. तू त्याच्या वाटचं खायचं नाही. पहिले काही दिवस टाकलेलं वाढेल, वाढू दे, घाबरू नकोस. टाकणारा हात आणि नको म्हणणारं तोंड एकाच माणसाचं झालं की भात मोजून लावला जातो, बघच.

आणि शिळं म्हणजे वाईट हे तुझ्या घरात आत्ता खरं आहे, ते तू भात ओट्यावर ठेवतेस म्हणून. हे आजपासून बंद, ह्यात मी अजिबात ऐकून घेणार नाही. भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून पण मरत नाहीत, आपल्या दमट हवेत भात रात्रभर बाहेर राहिला की वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष सकाळी फोडणीत कितीही खरपूस परतलंस तरी जात नाही. उलट्या-जुलाब झाले की आपण म्हणतो काहीतरी बाधलं. त्यामुळे उरलेला भात पसरट भांड्यात काढायचा, वाफ गेली की लगेच, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा आणि एकदाच कडकडीत गरम करायचा. असा ठेवलेला भात मिस्टरांना पण बाधणार नाही. त्यात उरलेली भाजी, चमचाभर बेसन, कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ लाव, पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी भरपूर कांदा-टोमॅटो घालून. मुलगा मागून खाईल.

रात्री पातेलं ठेवायला फ्रिजमध्ये जागा पाहिजे, म्हणजे भाजी निम्मी यायला पाहिजे. एक पिशवी. बुधवारी लागलीच तर खालच्या भाजीवाल्याकडून पाव किलो, दहा रुपये जास्त गेले तरी चालतील, शनिवारी टाकतेस ते काय फुकट येतं?

साठवणीचं थोडक्यात सांगते, कारण तू विचारलंयस. पालेभाजी धुवायची नाही, कोरडी करून कागदात किंवा सुती कापडात गुंडाळायची आणि रविवार-सोमवारीच संपवायची. मग भेंडी, काकडी, गवार. काकडीला फार गारठा सोसत नाही, मागच्या थंड कप्प्यात टाकलीस की ती लिबलिबीत होणारच. कोबी, गाजर, लाल भोपळा शेवटी, ते थांबतात. पिकलेली केळी, पपई, आंबे, सफरचंद, टोमॅटो ह्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून ते लांब. कांदे-बटाटे फ्रिजबाहेर आणि तेही वेगवेगळ्या टोपलीत. झालं, ह्यातल्या कशालाच काचेचा सेट लागत नाही.

किती खायचं तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या-फळं म्हणते आणि त्यात बटाटा धरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन आहार मार्गदर्शन काढलं, त्यातल्या ताटात निम्मी जागा भाज्या-फळांचीच आहे. म्हणून रात्री भाजी झाली की सगळ्यात आधी तुझा दुसऱ्या दिवसाचा डबा भरायचा, जेवायला बसायच्या आधी, आणि तो फ्रिजमध्ये. उरली तर माझी, असं नाही. आधी तुझी. फळ चावून खा, पेरू, संत्रं, पपईच्या फोडी, ज्यूस नको, आणि तुझ्या साखरेला किती चालेल ते डॉक्टरलाच विचार. एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांचं दाखवतं, म्हणजे आज सुरू केलंस तर पुढच्या रिपोर्टमध्ये दिसायला वेळ आहे, पण आज.

निवडण्याचं काम पण वाटून टाक. रविवारी पिशवी आली की तासभर तिघांनी बसायचं, टीव्ही लावून बसा हवं तर, मेथी मिस्टरांकडे, गवार मुलाकडे. लोकलमध्ये बायका उभ्या राहून शेंगा मोडतात, ह्यांना घरात पंख्याखाली बसून जमेल.

हे उत्तर मिस्टरांना वाचून दाखव, तू तुझ्या शब्दांत सांगायला गेलीस तर मऊ करून सांगशील. पहिल्या रात्री ताटात कालचा भात बघून ते गप्प बसतील, मुलगा म्हणेल मला नको, आणि तू सवयीने खुर्ची मागे सरकवून दोन अंडी फोडायला उठशील. उठायचं नाही. बसून आपलं ताट जेवायचं.

— मावशी