रास्पबेरी पाय पॅनेलमध्ये बसवताय? आधी एवढं सांभाळा

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कारखान्यात रास्पबेरी पाय, म्हणजे एका बोर्डवरचा छोटा संगणक, लावायचा बेत चांगला आहे, पण पहिल्याच दिवशी मोटरला हात घालू नका. आधी एक सेन्सर, एक मोजणी.

बहुतेक बोर्ड जळतात ते इनपुटवर. पायची पिन ३.३ व्होल्टची, तिला ५ सुद्धा सोसत नाहीत, आणि प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) देतो २४. मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर घाला; तो सिग्नल प्रकाशातून पुढे देतो, दोन्हीकडच्या वायरी जोडत नाही. त्याच्या एलईडीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा, साधारण ५ मिलिअँपिअर मिळतात, पुरे झाले. पिनचा आतला पुल-अप (पिनला ३.३ व्होल्टकडे धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू ठेवा. दोन्हीकडचे ग्राउंड जोडू नका, नाहीतर ऑप्टोकपलर घातलाच कशाला!

- मोबाइलचा चार्जर नको. २४ वरून ५ व्होल्ट देणारा, डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा कन्व्हर्टर घ्या.
- लिहिता लिहिता लाइट गेली की एसडी कार्ड बिघडतं. ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे लिहिणं कार्डवर न होता मेमरीत होतं. मात्र रीस्टार्टला नोंदी पुसल्या जातात, म्हणून त्या दुसरीकडे पाठवा.
- डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच, रिले बंद होताना उसळणारा व्होल्टेज तो अडवतो.

इमर्जन्सी स्टॉप प्रोग्रॅममध्ये लिहायचा नाही. तो थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलची वायर तोडणारा हवा. मॉडबस (मशीन एकमेकांशी जोडायची पद्धत), टचस्क्रीन नंतर बघू. पहिली मोजणी आठवडाभर बिनचूक येऊ द्या.