घर-सल्ला : दुहेरी पडदे स्वतः लावताना

प्रश्न : आमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी पश्चिमेला असून पाच फूट रुंद आहे. खिडकीकडून जाळीचा आणि खोलीकडून जाड, असे दोन पडदे लावण्यासाठी डबल ब्रॅकेट आणले. परंतु खिडकीच्या वर भोक पाडताना घरचे ड्रिल अर्ध्या इंचापुढे सरकत नाही. कापड किती घ्यावे, याबाबतही दुकानदार आणि शिंपी यांचे एकमत होत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या ड्रिलमध्ये बहुधा काहीही दोष नाही. वरचा अर्धा इंच हा गिलावा असतो आणि खिडकीच्या माथ्यावर त्यामागे विटा नसून लिंटेलचे, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईचे, काँक्रीट असते, ज्यापुढे साधे ड्रिल हतबल होते. भोकातून लाल भुकटी आली तर वीट, करडी आणि कणीदार आली तर काँक्रीट समजावे. हार्डवेअरच्या दुकानातून रोटरी हॅमर (फिरता फिरता ठोकेही देणारे ड्रिल) दिवसभरासाठी भाड्याने मिळत असल्यास तो आणावा, आठ मिलिमीटरच्या बिटला दोन इंचांवर चिकटपट्टी गुंडाळून तेवढेच खोल जावे आणि मध्येच सळई लागली तर जोर न करता भोक इंचभर सरकवावे. जवळपास एसीचा किंवा दिव्याचा पॉइंट असेल, तर त्याच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण भिंतीतील वायरिंग साधारणतः त्याच रेषांतून गेलेले असते.

रॉड चौकटीच्या वर सहा इंच आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर घ्यावा, म्हणजे पडदे उघडल्यावर काच झाकली जात नाही आणि उतरत्या उन्हाची तिरीपही कडेने आत शिरत नाही. रॉडची लांबी ७६ इंच होते. एवढ्या लांबीला जाड पडद्याच्या वजनाने रॉड मध्ये वाकतो, म्हणून मधोमध तिसरा ब्रॅकेट द्यावा. त्यावरून पडद्याच्या वरच्या कडेला बसवलेल्या रिंगा सरकत नसल्यामुळे पडद्याच्या दोन पाती त्याच्या दोन बाजूंना राहतील.

कापडाच्या वादात दोघांचेही थोडे थोडे बरोबर असावे. जाळीला रॉडच्या सुमारे अडीच पट कापड हवे, नाहीतर ती ताणलेल्या मच्छरदाणीसारखी दिसते. जाड कापडाला दीड ते दोन पट पुरते. ४८ इंची पन्हा धरला, तर जाळीची प्रत्येक पात दोन पन्ह्यांची आणि जाड पडद्याची दीड पन्ह्याची शिवावी. बाजारातील तयार पडद्याची एक पात साधारण चार फुटांची असते. अशा दोनच पाती लावल्या तर जाड पडदा मिटल्यावर चादर टांगल्यासारखा सपाट होतो.

खरी अडचण मात्र पुढेच येते. तयार पडदे बहुतेक रिंगांचे मिळत असल्याने दुकानात दोन्ही थर रिंगांचेच घ्यायला सुचवले जाते; पण रिंगांच्या पडद्याची लाट रॉडच्या मागे-पुढे दीड-दोन इंच जाते आणि डबल ब्रॅकेटवरील दोन रॉडमधले अंतर बहुधा तेवढ्या दोन लाटांना पुरत नाही. त्यामुळे जाड पडदा ओढला की जाळीही त्याच्याबरोबर ओढली जाते. म्हणून मागचा रॉड बारीक घ्यावा आणि जाळीला रिंगा न लावता वरच्या कडेला नेफा शिवून ती त्यात ओवावी. जाळी रोज सरकवायची नसते, तेव्हा यात गैरसोय काहीच नाही. तिची उंची जाड पडद्यापेक्षा अर्धा इंच कमी ठेवावी, अन्यथा खालून ती डोकावत राहते.

जाड पडद्याच्या प्रत्येक पातीला रिंगा सम संख्येत लावून घ्याव्यात, म्हणजे तिच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. कापड सुती असेल, तर मापे घेण्याआधी ते एकदा धुऊन वाळवावे.