मेनफ्रेमवर बॅच जॉब सबमिट केले त्याच क्रमाने कसे चालवायचे?

नुसते एकामागून एक सबमिट केले म्हणून झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) जॉब त्याच क्रमाने चालतील याची खात्री नसते. क्रम हवाच असेल तर तो जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा हे सांगणारी भाषा) लिहावा लागतो. जेईएस-२, म्हणजे जॉबची रांग सांभाळणारा सिस्टिमचा भाग, जॉब उचलतो तो क्लास (जॉबला दिलेला गट) आणि प्रायॉरिटी बघून. त्या क्लासला दोन इनिशिएटर (जॉब प्रत्यक्ष चालवणारे प्रोग्राम) मोकळे असले की दुसरा जॉब पहिल्याची वाट बघत बसत नाही. झेड/ओएस २.२ पासून जॉबग्रुपची सोय आहे: ग्रुपमध्ये प्रत्येक जॉबसाठी जीजॉब (GJOB) ही ओळ लिहा, त्याखाली आफ्टर (AFTER) देऊन आधीच्या जॉबचं नाव आणि हवा तो रिटर्न कोड (जॉब संपताना देतो तो निकालाचा आकडा) सांगा, आणि त्या त्या जॉबच्या जेसीएलमध्ये शेड्यूल (SCHEDULE) कार्डावर, म्हणजे त्या ओळीवर, ग्रुपचं नाव घाला. कंट्रोल-एमसारखा शेड्यूलर (जॉबचं वेळापत्रक आणि क्रम सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर अर्थात हे सगळं तिथेच करा.

सगळ्यांना एकच जॉबनेम देण्याची जुनी युक्ती घाईत चालून जाते, कारण मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर एका नावाचे दोन जॉब एकाच वेळी चालत नाहीत. पण पहिला अॅबेंड झाला (मध्येच बिघडून बंद पडला) तरी दुसरा खुशाल सुरू होतो, आणि अर्धवट फाइलवर पुढची प्रक्रिया होऊन बसते.