तुम्ही विचारा, आम्ही सांगू: परदेशातली सेवा संपवून घरी येताना

प्रश्न: मुलगा आणि सून दोघंही डॉक्टर. युगांडात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या मिशन हॉस्पिटलातली तीन वर्षांची सेवा संपवून मे महिन्यात कायमचे मालवणला येताहेत. नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. आल्या आल्या चौघांच्या सगळ्या तपासण्या करून टाकाव्यात म्हणतो. कोणत्या कराव्यात? शाळेचं काय?
— एक आजोबा, मालवण

उत्तर: सगळ्या एकदम करू नका. काही तपासण्या लवकर केल्या तर खोटा दिलासा देतात. सरोवरात डुंबलेल्या मुलांची शिस्टोसोमायसिस या कृमींच्या आजाराची तपासणी त्यातलीच. हे कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींतून येतात आणि त्वचेतून शरीरात शिरतात. रक्तातली प्रतिद्रव्यं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून शेवटचं पोहणं झाल्यापासून आठ ते बारा आठवड्यांनी रक्त द्यावं. मेमध्ये निघाले तर जुलैअखेर किंवा ऑगस्ट. त्रास काही नसला तरी चौघांनीही करावी. प्राझिक्वांटेल हे औषधही घाईने घेऊन उपयोग नाही, कारण ते वाढ झालेल्या कृमींवर चालतं, कोवळ्यांवर फारसं नाही. त्याचा नेहमीचा डोस किलोमागे ४० मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ६०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. पण त्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. इथल्या लॅबला हा आजार सहसा सुचत नाही, तेव्हा चिठ्ठीवर नाव स्पष्ट लिहून घ्या. (रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात याचा लघवीतून रक्त जाणारा प्रकार आढळला होता, पण ते अपवादातलं उदाहरण.) समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा धोका नाही. चिवल्याच्या किनाऱ्यावर मुलांना खुशाल डुंबू द्या.

मलेरियाचं मात्र नेमकं उलटं, तिथे क्षणाचाही उशीर नको. जूनमध्ये पाऊस लागला की आपल्याकडे ताप म्हटल्यावर आधी लेप्टो नाहीतर डेंगी आठवतो. युगांडातला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, आणि तो परतल्यानंतर साधारण तीन महिन्यांत डोकं वर काढतो. म्हणून ताप आला की डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं, ‘आम्ही युगांडाहून आलोय.’ त्याच दिवशी रक्ताची काच तपासून घ्या. पहिली निगेटिव्ह आली तरी बारा ते चोवीस तासांच्या अंतराने आणखी दोनदा बघा. अलीकडेच मलेरियाचे उपचार झाले असतील तर झटपट कार्ड टेस्टवर विसंबू नका, ती बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. प्रतिबंधक गोळ्या चालू असतील तर डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन परतल्यावर चार आठवडे घ्यायचं, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. विमानातून उतरलो, आता कशाला, असं म्हणून गोळ्या सोडतात आणि तिथेच फसतात. अशा वेळी डॉक्टर मंडळीच सर्वांत बेफिकीर असतात, हे सुनेला सांगायला हरकत नाही.

मुलांच्या अंगावर गळवासारखी गाठ आली आणि मधोमध बारीक काळा ठिपका दिसला, तर ती टुंबू माशीची अळी असू शकते. ही माशी बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर अंडी घालते. गाठ पिळू नका. ठिपक्यावर व्हॅसलिनचा जाड थर द्या. श्वास कोंडला की अळी वर येते, मग चिमट्याने अलगद काढता येते. तिथून आणलेले कपडे शिवणींसकट कडक इस्त्री केल्याशिवाय घालू देऊ नका.

पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत हवं. ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आता जन्मभर चालतं. नाव-पासपोर्ट क्रमांक जुळतोय ना, हे निघण्याआधी बघा. कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंतच्या विलगीकरणात.

शाळेचं सोपं आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे वयानुरूप वर्ग मिळतो. म्हणजे नातू चौथीत, नात पहिलीत. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीला सुरू होतं, त्यामुळे प्रगतिपुस्तक अर्धवटच मिळेल. तेही शिक्का मारून घ्या. नातवाला जोडाक्षरं जड जातील, त्याची तयारी मेमध्येच सुरू करा.

प्रश्न: आमची मुलगी तिकडच्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे, ती जुलैत परततेय. निघण्याआधी तिने काय काय उरकावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: मॉर्फिन या कडक वेदनाशामकाची नोंदवही आधी. युगांडात ते पातळ औषध म्हणून बाटलीतून देतात, त्यामुळे बाटलीतली पातळी मोजून, नोंदवहीतल्या शिलकेशी ताडून, तिने आणि नव्या नर्सने, दोघींनी सह्या कराव्यात. हे शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. निरोपसमारंभांत ते राहून जातं आणि तफावत निघाली की बोट गेलेल्या माणसाकडे दाखवलं जातं. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या रुग्णांची यादी पुढच्या तारखांसह नव्या नर्सच्या हाती द्यावी. रुग्णांचे फोटो स्वतःच्या फोनमधून काढून टाकावेत. अनुभवाचं पत्र रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसह, मूळ शिक्क्याचं, तिथेच घ्यावं. इथून मागवत बसलं तर नोंदणीच्या नूतनीकरणाचं काम तेवढ्यासाठी रेंगाळतं.