'आटोपशीर' घर म्हणजे लहान घर का?

मालवणहून वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कोकणातल्या घरांच्या बांधणीतला संयम सांगायला 'आटोपशीर' लिहावं की 'संयत'? 'आटोपशीर' म्हटलं की वाचणाऱ्याला घर नुसतं लहान आहे असं तर वाटणार नाही?

वाटू नये. आटोपणे म्हणजे उरकणे, तसंच ताब्यात ठेवणे. 'घोडा आटोपेना' म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने. त्याला 'हवेशीर', 'पद्धतशीर' यांतला 'शीर' लागला. जे राहणाऱ्याच्या आवाक्यात राहतं ते आटोपशीर. कोकणात तर हा अर्थ दर वर्षी कसाला लागतो. "मिरगाच्या आधी शाकारणी आटोपली काय?" असं कौलारू घरांत अजून विचारतात. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कौलांखालची कुजलेली रीप (लाकडी पट्टी) काढायची, आणि हे सगळं घरच्या माणसांना पावसाआधी जमलं पाहिजे. छपराला हौसेने कोपरे काढले की जिथे दोन पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, आतल्या बाजूला भेटतात तिथे पाणी तुंबतं आणि गळती लागते. म्हणून माजघर, ओटी, पडवी सरळ उतरत्या पाख्यांखाली बसवलेली असतात. असं घर चांगलं ऐसपैस असलं तरी मी त्याला आटोपशीरच म्हणेन.

भिंतीसाठी मात्र 'साधी' पुरे. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कठीण होतो. पण अंगाने सच्छिद्र, नाजूक नक्षी त्यात धरत नाही. नक्षी हवीच असेल तर ती लाकडी खांबांवर, दाराच्या चौकटीवर जाते. इथे कुणी मन मारलेलं नाही, दगडच तसा आहे.

'संयत' हा करणाऱ्याच्या मनाचा शब्द: करता आलं असतं, तरी हात आवरला. जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांचा १९२९ चा बार्सिलोना पॅव्हिलियन, म्हणजे तिथल्या प्रदर्शनातलं दालन, घ्या. ऑनिक्स, हिरवा संगमरवर, ट्रॅव्हर्टिन असा उंची दगड तिथे वापरलाय, त्यामुळे त्याला साधा म्हणणं चूकच. पण मोजक्या सपाट भिंती, वर सपाट छत, एवढ्यावर रचना थांबते. तो संयत.

आणि 'बेताचं घर' कटाक्षाने टाळा. 'बेत' म्हणजे अंदाज, प्रमाण, म्हणजे मुळात शब्द फार चांगला. पण आज तो वाचला की लोकांना घरमालकाची पैशाची ओढाताण दिसते.